अर्दबील ७३० : अरब का हरले आणि जिंकलेले खझर पुढे का सरकले नाहीत

प्रश्न असा होता की डिसेंबर ७३० मध्ये आजच्या इराणच्या वायव्य कोपऱ्यातल्या अर्दबीलच्या मैदानात खझरांनी अरबांची अख्खी फौज कापून काढली, सुभेदार मारला, शहर लुटलं, मग तिथून पुढे थेट बगदादवर का नाही गेले? आणि जोडीला दुसरा प्रश्न, हे खझर म्हणजे ते ज्यू झालेले तुर्कच ना?

आधी एक छोटी दुरुस्ती. ७३० मध्ये बगदाद नव्हतंच, ते अब्बासी खलिफा मन्सूरनं ७६२ मध्ये वसवलं. तेव्हा गादीवर उमय्या घराण्यातला हिशाम होता, राजधानी दमास्कस आणि स्वतः तो बराचसा वेळ सीरियातल्या रुसाफाला राहायचा. पण प्रश्नाचा रोख बरोबर आहे. वाट मोकळी असताना खझर खलिफाच्या घरापर्यंत का गेले नाहीत हे विचारण्यासारखंच आहे.

माझं आयुष्य फौजेच्या रसद खात्यात गेलं आणि निवृत्तीनंतर मी मध्ययुगीन लढायांवर वाचतो, शिकवतो, त्यामुळे कुठलीही लढाई वाचताना मला तलवारीआधी घोड्याचा चारा दिसतो. अर्दबीलचं कोडं त्याच बाजूनं सुटतं असं माझं मत आहे, आणि एका वाक्यात सांगायचं तर अरबांचा सुभेदार जर्राह हरला तो त्याची फौज विखुरलेली असताना शत्रूला भिडला म्हणून, आणि दोनतीन महिन्यांत खझर हरले ते जिंकल्यावर स्वतः विखुरले म्हणून.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्या मधे कॉकेशसची भिंत उभी आहे. उत्तरेला गवताळ सपाटी, तिथे खझर. दक्षिणेला आजचे जॉर्जिया, आर्मेनिया, अझरबैजान आणि इराणचा वायव्य कोपरा, तिथे अरबांचा सुभा. या भिंतीतून फौज घेऊन ये-जा करायला मुख्य दरवाजे दोनच. एक दरबंद, जिथे डोंगर आणि कास्पियनच्या मधे जेमतेम तीनएक किलोमीटरची पट्टी उरते आणि ती इराणच्या सासानी राजांनी सहाव्या शतकात दगडी तटबंदीनं बंद करून टाकली होती, अरब त्याला बाब अल-अबवाब म्हणायचे. दुसरा दर्यालचा घाट, डोंगराच्या मधोमध, तिथे अलान लोकांची वस्ती. या दोन दारांची किल्ली कुणाच्या हातात यावरच शंभर वर्षं मारामाऱ्या चालल्या. पहिला मोठा फटका अरबांना ६५२ मध्येच बसला होता, दाघिस्तानातल्या बलंजर शहरावर चालून गेलेला अब्दुर्रहमान इब्न रबीआ तिथेच मारला गेला, त्याच्याबरोबर चारेक हजार माणसं गेली असं सांगतात. नंतर अरबांची घरातलीच यादवी सुरू झाली आणि ही आघाडी बरीच वर्षं थंड पडली.

७२२ मध्ये ती पुन्हा पेटली. त्या वर्षी हिवाळ्याच्या शेवटी खझरांनी आर्मेनियात मर्ज अल-हिजारा इथे अरबांची एक फौज मोडली, आणि मग तेव्हाचा खलिफा दुसरा यजीद यानं २५,००० सीरियन सैनिक देऊन जर्राह इब्न अब्दुल्ला अल-हकमी याला पाठवलं. हा माणूस नीट ओळखून घ्या कारण गोष्ट त्याचीच आहे. हज्जाजच्या हाताखाली तयार झालेला जुना अधिकारी (हज्जाज म्हणजे तोच, ज्यानं मुहम्मद बिन कासिमला सिंधवर पाठवलं). पुढे खलिफा दुसरा उमर याच्या काळात खुरासानचा सुभेदार. तिथे नव्यानं मुसलमान झालेल्यांकडूनही जिझिया घेतला जातोय आणि खरे मुसलमान कोण हे ठरवायला सुंतेची परीक्षा लावायची म्हणतायत, अशा तक्रारी उमरपर्यंत गेल्या, तेव्हा उमरनं सुनावलं म्हणतात की देवानं पैगंबराला लोकांना बोलवायला पाठवलं होतं, सुंता करायला नाही. गेली नोकरी. पण शिपाई म्हणून त्याचा दबदबा प्रचंड, त्याला सीरियनांचा घोडेस्वार म्हणायचे, आणि उंची इतकी की दमास्कसच्या मोठ्या मशिदीत चालताना डोकं दिव्यांना लटकल्यासारखं वाटायचं अशी आख्यायिका आहे.

ऑगस्ट ७२३ मध्ये जर्राहनं बलंजर घेतलं. खझरांनी शहरापुढे तीनशे गाडे एकमेकांना बांधून कोट केला होता, तो अरबांनी फोडला आणि लूट एवढी मिळाली की ३०,००० स्वारांना प्रत्येकी ३०० दिनार वाटले गेले असं ग्रंथांत आहे. त्यातला एक तपशील मला आवडतो, बलंजरच्या सरदाराची बायकामुलं जर्राहनं परत दिली आणि त्या बदल्यात तोच सरदार पुढे त्याला बातम्या पुरवायला लागला, मोठी खझर फौज जमतेय, परत फिरा. जर्राह फिरला. म्हणजे हा माणूस आंधळेपणानं पुढे घुसणारा नव्हता, कधी मागे यायचं ते त्याला कळत होतं. हे लक्षात ठेवा, कारण अर्दबीलबद्दल वाचताना त्याला नुसता आततायी म्हणून मोकळं व्हायची सवय लोकांना आहे.

७२४ मध्ये हिशाम खलिफा झाला आणि पुढच्याच वर्षी त्यानं जर्राहला काढून आपला सावत्र भाऊ मस्लमा याला नेमलं, तोच मस्लमा ज्यानं ७१७-१८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला वेढा घातला होता. मस्लमाला इथे फार काही जमलं नाही, ७२८ ची त्याची मोहीम तर पावसाचिखलातच गेली, इतकी की तिचं नावच चिखलाची मोहीम पडलं. ७२९ मध्ये पुन्हा जर्राह. चारपाच वर्षांत दोन वेळा खांदेपालट. वरचा साहेब बदलला की खालची ठाणी, धान्याची कोठारं, खबरे सगळं पुन्हा जुळवावं लागतं, हे ज्यानं सरहद्दीवर नोकरी केलीय त्याला सांगायला नको.

आता ७३०. आठव्या शतकाच्या अखेरीला लिहिणारा आर्मेनियन इतिहासकार घेवोंद सांगतो की खझरांचा खागान, म्हणजे राजा, मेला होता आणि त्याची आई पारस्बित हिच्या हुकुमानं फौज निघाली. अरब ग्रंथांत सेनापतीचं नाव बार्जिक, खागानाचा मुलगा. वाटेबद्दल ग्रंथ एकमेकांशी जुळत नाहीत, अरबी इतिहासकार तबरी म्हणतो ते लानच्या, म्हणजे अलानांच्या बाजूनं आले, म्हणजे दर्यालचा घाट. मला तेच पटतं कारण दरबंदवरून आले असते तर बोभाटा आधीच झाला असता.

आकड्याचं काय? तीन लाख खझर आले असं लिहिलेलं सापडतं आणि आंतरजालावर सगळे तेच चिकटवत बसतात. जरा हिशोब करू. सपाटीवरचा स्वार एका घोड्यावर मोहिमेला निघत नाही, कमीत कमी दोन धरा, म्हणजे सहा लाख घोडे. घोड्याला दिवसाला ३० लिटर पाणी धरलं तर रोजचं १ कोटी ८० लाख लिटर. कोरडा चारा माणशी नाही, घोड्याशी ८ किलो, म्हणजे रोज ४,८०० टन. हे सगळं एका अरुंद घाटातून, हिवाळ्याच्या तोंडावर, वाटेतल्या गावांवर जगत? शक्यच नाही. खरा आकडा याचा कितवा तरी हिस्सा असणार. पण म्हणून फौज लहान होती असंही नाही, जर्राहकडच्यापेक्षा ती नक्कीच मोठी होती, आणि मुख्य म्हणजे एकत्र होती.

जर्राहची बाजू बघा. कागदावर त्याच्याकडे कमी माणसं नव्हती. पण ती होती कुठे? सुभा म्हणजे आर्मेनिया, अर्रान, अझरबैजान मिळून एक पसारा, आणि बर्दआ, वर्थान, अर्दबील अशा कितीतरी ठिकाणी शिबंदी ठेवावी लागायची, कारण कुठलंही ठाणं रिकामं ठेवलं की स्थानिक सरदार उद्या कुणाच्या बाजूला जाईल याचा भरवसा नाही. तबरीच्या मजकुरात एक वाक्य आहे जे मला या अख्ख्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, ते असं की जर्राह त्याच्याबरोबर जे सीरियन आणि अझरबैजानचे लोक होते तेवढ्यांनिशीच भिडला, त्याची सगळी फौज अजून त्याला येऊन मिळाली नव्हती. बस. हरण्याचं कारण तिथेच लिहून ठेवलंय, पण वाचणारे तीन लाखांच्या आकड्यापाशीच थांबतात.

जर्राह आधी बर्दआला होता, तिथून मागे सरकत अर्दबीलला आला. इथे मोठा प्रश्न येतो, मागे सरकलाच होतास तर आणखी का नाही सरकला? अर्दबीलच्या पश्चिमेला सबलान डोंगर उभा आहे, ४,८११ मीटर उंच, त्याच्या कुशीत शिरून पंधरा दिवस काढले असते तर कुमक आली असती. उत्तर असं की अर्दबील हे नुसतं ठाणं नव्हतं. ते सुभ्याचं मुख्य शहर, तिथे मुसलमान लष्करी वस्ती बायकापोरांसकट राहत होती, हजारोंनी. शिपायाची बायको आणि पोरं तटाच्या आत, बाहेर खझर, आणि तुम्ही त्याला सांगताय की चल डोंगरात. तो येत नाही हो. आणि आला तरी रात्रीतून पळून घरी जातो. छावणी आणि घर एकाच जागी असलं की सेनापतीच्या हातातलं एक हत्यार गेलं, माघार नावाचं. जर्राहनं मैदानात उतरायचा निर्णय घेतला तो मला शौर्य दाखवायची खुमखुमी म्हणून वाटत नाही, त्याच्याकडे दुसरे जे पर्याय होते ते फौज टिकवणारे नव्हते. शहरात कोंडून घ्यायचं म्हटलं असतं तर तो एक पर्याय होता, पण हिवाळ्यात हजारो माणसं, जनावरं आत घेऊन किती दिवस? तरीही, माझं विचाराल तर मी कोंडून घेतलं असतं. कारण चारा खझरांनाही लागत होता आणि बाहेर उघड्यावर तो त्यांच्या आधी संपला असता. अर्दबील समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटरवर आहे, डिसेंबरात तिथे रात्री सगळं गोठतं.

लढाई ७ ते ९ डिसेंबर ७३० अशी धरतात. हिजरी सन ११२ चा रमजान. जर्राहबरोबर २५,००० च्या आसपास माणसं. प्रत्यक्ष लढाईत कोण कुठल्या बाजूला उभं होतं, कुणी कुठून मोड केला याची खात्रीलायक माहिती हाताशी नाही, आणि ज्या यूट्यूब व्हिडिओत लाल-निळे बाण दाखवून डावी बगल उजवी बगल समजावून सांगतात ते सगळं कल्पनेचं आहे, बघा करमणूक म्हणून. माहीत आहे ते एवढं की लढाई एका दिवसात आटोपली नाही, अरब बराच वेळ टिकले, शेवटी जर्राह पडला आणि त्याच्याबरोबर जवळजवळ सगळी फौज. वाचून निघालेले मोजकेच. जर्राहचा भाऊ, त्याचंही नाव हज्जाजच, त्यानं पुढची सूत्रं घेतली पण शहर वाचवणं त्याच्या हातात राहिलं नव्हतं. अर्दबील पडलं आणि लुटलं गेलं. दहाव्या शतकातला मंबिजचा ख्रिस्ती लेखक अगापियस कैद्यांचा आकडा ४०,००० देतो, शहरातले, फौजेतले, आजूबाजूच्या गावांतले सगळे धरून. जर्राहचं डोकं बार्जिकनं स्वतःजवळ ठेवलं, मिरवलं. हा आकडा, ४०,०००, अर्धा जरी खरा असला तरी पुढच्या गोष्टीची चावी तोच आहे.

म्हणजे आता तुमच्या मूळ प्रश्नावर येतो. जिंकल्यावर खझर गप्प बसले नाहीत, त्यांच्या टोळ्या थेट मोसुलपर्यंत जाऊन आल्या, अर्दबीलपासून सरळ रेषेत पाचशे किलोमीटर. खलिफाच्या खास मुलखाचा उंबरठाच तो. पण जाऊन आल्या त्या टोळ्या. फौज गेली नाही. फौज उरलीच नव्हती, हे समजून घ्या. लुटीचा नियम सगळीकडे सारखाच, लुटीच्या आधी फौज सेनापतीची असते आणि लुटीनंतर ज्याची त्याची. स्वाराकडे चार कैदी, दोन खेचरं आणि चांदीची भांडी आली की त्याला मोसुल नको असतं, घर हवं असतं. शिवाय कैद्यांना हाकायला माणसं लागतात. दहा हजार कैदी सांभाळायचे तर निदान हजारदोन हजार स्वार त्यांच्याच राखणीत अडकले, आणि ती माणसं दिवसाला कैद्याच्या पायाच्या वेगानं चालणार, तेही बर्फात. कैदी खातातही. खझरांची खरी ताकद होती वेग, आणि जिंकल्याबरोबर त्यांनी तोच गहाण टाकला.

दुसरी गोष्ट हिवाळा. अरबी घोडा जवावर पोसलेला, त्याला कोठार लागतं, पण सपाटीवरचा घोडा चरून जगतो, बर्फ खुरानं उकरून खालचं गवत खातो. हे त्याचं बळ आहे तसंच बंधनही आहे, कारण चरायला जागा मोकळी आणि मोठी लागते आणि घोडे एका जागी जास्त ठेवता येत नाहीत. अर्दबीलच्या उत्तरेला, अरस नदीच्या खालच्या अंगाला मुघानचं मैदान आहे, जवळजवळ समुद्रसपाटीला, हिवाळ्यात ऊबदार. त्या भागातले भटके लोक शतकानुशतकं कळप घेऊन हिवाळ्याला तिथेच उतरत आलेत. (याच मुघानात पुढे १७३६ मध्ये नादिरशहानं राज्याभिषेक करून घेतला, तोच नादिरशहा जो तीन वर्षांनी दिल्लीत आला. मोठी फौज आणि मोठा दरबार हिवाळ्यात पोसायचा तर त्या पट्ट्यात हीच जागा.) बार्जिकची उरलेली मुख्य फौज पुढे सापडते ती मुघानच्याच आसपास. मला यात काही आश्चर्य वाटत नाही, त्याला जायला दुसरी जागाच नव्हती. मोसुलकडे जाणं म्हणजे घोड्यांना गवतापासून लांब डोंगरात नेणं.

आता दुसरी बाजू, हिशाम काय करत होता? बातमी पोचल्यावर त्यानं सईद इब्न अम्र अल-हरशी या सेनानीला बोलावलं. तबरीनं दोघांचा संवाद दिलाय, शब्दशः खरा असेल असं नाही पण छान आहे. हिशाम म्हणतो, जर्राह काफिरांपुढून पळाला असं ऐकतोय. सईद म्हणतो, छे, तो पळणारा माणूस नव्हता, मारला गेला असणार. मग काय करायचं? सईदचं उत्तर असं, मला डाकेचे चाळीस घोडे द्या आणि लगेच सोडा, त्यानंतर रोज चाळीस चाळीस माणसं माझ्यामागे धाडत राहा, आणि वाटेवरच्या सगळ्या ठाणेदारांना लिहा की मला येऊन मिळा.

हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो होतो. मोठी फौज जमवून, तंबू लादून, मुहूर्त बघून निघायचं तर तीन महिने गेले असते. सईदनं उलट केलं, आधी माणूस पोचवायचा, फौज वाटेत जमवायची. जर्राहचे जे लोक विखुरलेले होते, जे त्याला वेळेत येऊन मिळाले नव्हते, तेच आता सईदला वाटेवर सापडणार होते. मुख्य सेनापती म्हणून मस्लमाचं नाव जाहीर झालं होतं, पण तो मोठी फौज घेऊन मागून येणार, तोवर सईदनं थोपवून धरायचं अशी योजना. सईद सीरियातल्या रक्काला आला, हाताशी १,००,००० दिरहम आणि निशाण म्हणून पैगंबरांच्या काळातल्या बद्रच्या लढाईतला म्हणून सांगितला जाणारा एक भाला. रक्कापासून अर्दबील सरळ रेषेतच साडेआठशे किलोमीटर, मधे डोंगर, आणि हिवाळा. वाटेत अर्दबीलहून पळून आलेले लोक भेटायला लागले, त्यातल्या जो शस्त्र धरेल त्याला दहा दिनार रोख देऊन त्यानं भरती केलं. हे फार हुशारीचं. पळून आलेला माणूस घाबरलेला असतो, पण त्याला वाटा माहीत असतात, खझर कुठे उतरलेत ते माहीत असतं, आणि त्याची बायकोपोरं कैदेत असतात. नुसता पगार देऊन अशी माणसं मिळत नाहीत.

मग त्यानं एकेक टोळी गाठायला सुरुवात केली. वान सरोवराकाठचं अखलात घेतलं, तिथून ईशान्येला बर्दआ, मग दक्षिणेला वळून अरसकाठच्या वर्थानचा वेढा उठवला. वर्थान अजून झुंजत होतं हे बघा, म्हणजे सगळा सुभा कोलमडला नव्हता, ठाणी तग धरून होती, आणि खझर त्यांच्यापुढे अडकून बसले होते. त्यानंतर बाजरवानजवळ साधारण १०,००० खझर कैद्यांसकट उतरलेले, त्यांच्यावर रात्री छापा. बहुतेक खझर मारले गेले, ५,००० कैदी सुटले, त्यात जर्राहची मुलगीही होती. रात्रीचा छापा कैदी घेऊन बसलेल्या छावणीवरच सगळ्यात जास्त चालतो, कारण पहाऱ्याचं तोंड आतल्या बाजूला असतं.

यापुढचे प्रसंग ग्रंथांत फार रंगवलेत, सईदनं आणखी अवाढव्य फौजा मोडल्या, बार्जिकशी स्वतः द्वंद्व करून त्याला मारलं वगैरे. मीठमसाला सोडून द्या. पण गाभा खरा आहे, मुघानच्या बाजूला खझरांचा पुन्हा पराभव झाला, कैदी आणि लूट मोठ्या प्रमाणात परत मिळाली आणि उरलेले उत्तरेला निघून गेले. अर्दबीलनंतर काही महिन्यांतच. खझरांनी जिंकलेली जागा त्यांना टिकवायचीच नव्हती असं काहीजण म्हणतात आणि त्यात तथ्य आहे, सूड आणि लूट हाच हेतू असेल तर त्यांनी तो अर्दबीलला मिळवला होता. पण मिळवलेलं घरी न्यायला फौज एकत्र ठेवावी लागते आणि ते बार्जिकला जमलं नाही.

सईदला बक्षीस काय मिळालं? तुरुंग. मस्लमा मोठी फौज घेऊन आला तो बघतो तर युद्ध संपलेलं. घेवोंदनंही लिहिलंय की लढाई सईदनं जिंकून टाकली होती आणि मस्लमाच्या वाट्याला ना कीर्ती उरली होती ना लूट. ७३१ च्या सुरुवातीला मस्लमानं त्याच्यावर आरोप ठेवला, थोपवून धर म्हटलं असताना तू स्वतः चालून गेलास, फौज धोक्यात घातलीस, आणि कबाला नि बर्दआच्या कैदेत टाकलं. हिशामनं मधे पडून सोडवलं आणि मानही दिला. नियमाप्रमाणे मस्लमाचं म्हणणं चूक नव्हतं हे कबूल करायला हवं, सईदनं हुकूम मोडला असं दिसतं. पण रोज एकेक टोळी हाताला लागत असताना थांबणारा अधिकारी मी तरी निवडला नसता.

मस्लमानं मात्र एक काम पक्कं केलं. दरबंदच्या बालेकिल्ल्यात हजारेक खझर कुटुंबं बसली होती, त्यांचं पाणी नासवून त्यानं त्यांना बाहेर काढलं आणि शहरात २४,००० सीरियन शिपाई कायमचे वसवले, शहराचे भाग पाडून. दार बंद. पण बघा, पुन्हा तेच, २४,००० उत्तम सीरियन शिपाई एका भिंतीपाशी कायमचे खिळले. उमय्यांची सत्ता टिकून होती ती सीरियन फौजेवर, आणि हिशामच्या काळात ती फौज चहूकडे वाटली गेली. जुलै ७३१ मध्ये समरकंदजवळच्या घाटात तुर्गेश तुर्कांनी जुनैद इब्न अब्दुर्रहमानच्या फौजेची दाणादाण उडवली. हा जुनैद आधी सिंधचा सुभेदार होता आणि गुजरात-राजस्थानवर स्वाऱ्या काढणारा तोच. ७३२ मध्ये फ्रान्समध्ये पराभव. ७४० मध्ये उत्तर आफ्रिकेत बर्बरांचं बंड. आणि ७३८-३९ च्या सुमारास आपल्याकडे नवसारीला. लाट देशातला (म्हणजे दक्षिण गुजरातमधला) चालुक्य अवनिजनाश्रय पुलकेशी यानं ताजिकांची म्हणजे अरबांची फौज परतवली, त्याचा नवसारीचा ताम्रपट कलचुरी संवत ४९० चा आहे, त्यात अरबांनी सैंधव, कच्छेल्ल, सौराष्ट्र, चावोटक, मौर्य, गुर्जर यांना मोडून दक्षिणेत शिरायचा बेत केला होता असं वर्णन आहे. बदामीच्या विक्रमादित्यानं खूश होऊन त्याला ज्या पदव्या दिल्या त्यातली एक दक्षिणापथसाधार, म्हणजे दक्षिणापथाचा खांब. अर्दबीलचा पराभव आणि नवसारीचा पराभव दोन्ही एकाच खलिफाच्या खात्यावर आहेत. दोन्हींचा थेट संबंध होता असं मी म्हणणार नाही, पण जी माणसं दरबंदला बसवली ती सिंधला पाठवता येत नव्हती एवढं साधं गणित आहे.

खझरांनी युरोप वाचवला, नाहीतर अरब व्होल्गावरून वर गेले असते, हेही फार ऐकू येतं. मला ते ताणलेलं वाटतं. कारण ७३७ मध्ये मरवान इब्न मुहम्मदनं नेमकं तेच करून दाखवलं होतं. खझर वकिलाला बोलणीच्या नावाखाली अडकवून ठेवलं, तयारी पूर्ण झाल्यावर युद्धाचा निरोप देऊन लांबच्या वाटेनं घरी पाठवलं, आणि दर्याल नि दरबंद दोन्ही दारांतून एकदम आत घुसला. व्होल्गापर्यंत गेला, खागानाचा सेनापती हजार तरखान मारला गेला, खागानानं इस्लाम स्वीकारतो म्हणून सांगितलं. आणि मग? मरवान परत आला. तिथे ठेवायला शिबंदी नाही, बसवायला कर नाही, शहरं विरळ, थंडी भयंकर. जिंकून काय करायचं हेच ठरेना. खागान लगेच पूर्ववत. काही वर्षांनी, ७६० च्या दशकात खझर पुन्हा खाली उतरून तिफ्लिस (आजचं तिबिलिसी) लुटून गेले. युरोप वाचला असेल तर गवताळ सपाटीनं वाचवला असं म्हणा. मरवान पुढे ७४४ मध्ये खलिफा झाला आणि ७५० मध्ये झाब नदीवर अब्बासींपुढे हरला, उमय्यांचा पूर्वेतला शेवटचा खलिफा तोच.

आणि खझर ज्यू होते का? ७३० मध्ये नाही, निदान राज्य म्हणून तर नाहीच. तेव्हा ते आकाशदेव तेंग्रीला मानणारे, आणि त्याच सुमाराला, ७३३ च्या आसपास, खागानाची एक मुलगी बायझंटाईन राजपुत्र पाचवा कॉन्स्टँटाईन याला दिली, ती बाप्तिस्मा घेऊन आयरीन झाली आणि तिचा मुलगा चौथा लिओ पुढे सम्राट झाला, त्याला खझर लिओच म्हणतात. ज्यू धर्म राजघराण्यात आला तो बहुतेक अभ्यासकांच्या मते आठव्या शतकाच्या अखेरीला किंवा नवव्यात. पण एक गंमत आहे. दहाव्या शतकात खझर राजा योसेफनं स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या दरबारातल्या हसदाई इब्न शप्रूतला जे पत्र लिहिलं म्हणतात त्यात त्याचा पूर्वज बुलान याची कथा आहे, देवानं त्याला मंदिर बांधायला सांगितलं, पैसा कुठून आणू म्हणाला तर दर्याल आणि अर्दबील इथे तुझ्यासाठी सोन्याचांदीचे साठे ठेवलेत, जा आणि घे. काहीजण यावरून धर्मांतरच ७३० च्या आसपास ओढतात, ते मला मान्य नाही, दोनशे वर्षांनी घरात सांगितली जाणारी गोष्ट आहे ती. पण दर्यालचं नाव त्यात अर्दबीलच्या शेजारी येतं, आणि तबरी जे लानच्या बाजूनं आले म्हणतो त्याच्याशी ते जुळतं, म्हणून वाटेबद्दल मी दर्यालच्या बाजूनं मत देतो.